सदिश स्थिर आहे की नाही, हे कसे ओळखावे

सदिशाला परिमाण (तो किती मोठा) आणि दिशा अशी दोन अंगे असतात, आणि ही दोन्ही अंगे जराही बदलत नसतील तरच त्या सदिशाला स्थिर म्हणता येते. व्याख्या एवढीच आहे. तरीही गल्लत नेमकी इथेच होते, कारण परिमाण कायम आहे असे दिसले की दिशेकडे पाहायचे राहून जाते.

म्हणून आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे. मिनिटकाटा १० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ०.१७ मिलिमीटर सरकते आणि ही चाल दिवसभर तीच राहते. मात्र काटा १२ वर असताना टोक उजवीकडे जात असते, ३ वर असताना खाली आणि ६ वर असताना डावीकडे. चाल स्थिर असली तरी वेग, म्हणजे दिशेसह घेतलेली चाल, स्थिर नाही. अर्ध्या तासात तो पूर्ण उलटा होतो. परिमाण कायम राहून केवळ दिशा बदलत असेल, तर सदिशाचा अवकलज, म्हणजे बदलाचा दर, त्या सदिशाला लंब असतो, हा सुंदर नियमही इथे डोळ्यांना दिसतो: काट्यालाच सदिश मानले, तर त्याचे टोक नेहमी काट्याशी काटकोन करूनच सरकते.

आता प्रत्यक्ष तपासणी. प्रथम, सदिश कशाच्या संदर्भात स्थिर आहे, काळाच्या की स्थानाच्या, हे ठरवून घ्यावे. त्यानंतर दिशा न बदलणारे अक्ष निवडून सदिशाचे घटक, म्हणजे प्रत्येक अक्षाच्या दिशेतले त्याचे भाग, लिहावेत आणि प्रत्येक घटकाचा अवकलज काढावा. सगळे अवकलज शून्य आले तरच सदिश स्थिर. एकही घटक बदलत असेल तर नाही. अक्षच फिरते असतील तर ही कसोटी फसते, कारण काट्याबरोबर फिरणाऱ्या अक्षांवर काट्याचे घटक कायम तेच दिसतात.

एक उदाहरण सोडवून पाहू. चेंडू फेकताना त्याच्या वेगाचा आडवा घटक सेकंदाला १२ मीटर आणि वरच्या दिशेचा घटक २० मीटर आहे. हवेचा विरोध सोडून दिला, तर आडवा घटक १२ च राहतो आणि उभा घटक पुढच्या तीन सेकंदांच्या अखेरीस अनुक्रमे १०.२, ०.४ आणि उणे ९.४ होतो. वेग बदलतो आहे, पण दर सेकंदाला होणारा बदल तोच आहे: ९.८, सरळ खाली. गुरुत्व त्वरण हा इथला स्थिर सदिश. सर्वोच्च बिंदूवर त्वरण शून्य होते असे अनेक जण लिहितात. तिथे फक्त वेगाचा उभा घटक शून्य होतो, त्वरण तेच राहते.

त्वरणाचे समाकलन करून, म्हणजे बदलाच्या दरावरून मूळ राशीकडे उलटे जाऊन, वेग काढताना येणारा स्थिरांकही सदिशच असतो, इथे तो आरंभीचा वेग. त्याचे सर्व घटक लिहावेत, एकच संख्या लिहून थांबू नये.

शेवटी स्थानाचा प्रश्न. ‘खाली’ ही दिशा साधारणपणे पृथ्वीच्या केंद्राकडे जाते, त्यामुळे मुंबईतले ‘खाली’ आणि नागपुरातले ‘खाली’ यांत सुमारे ६ अंशांचा कोन पडतो. एवढ्या अंतरावर गुरुत्व त्वरण स्थिर सदिश मानता येणार नाही. आपला चेंडू मात्र जेमतेम ४९ मीटरवर पडतो आणि तेवढ्यात ही दिशा अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकीही कलत नाही.