उभा रकाना, आडवी यादी: माझा अनुभव

द्राक्ष हंगामात आमच्या नाशिकच्या ऑफिसातून पिंपळगाव-दिंडोरीच्या बागायतदारांना एकदम मेसेज जातात. नंबर एक्सेलमध्ये एकाखाली एक. मेसेजसाठी मात्र स्वल्पविराम देऊन एका ओळीत हवेत. चारशे नंबरांमध्ये हाताने स्वल्पविराम टाकताना एक सुटला, दोन नंबर चिकटले आणि दोघा शेतकऱ्यांना गाडीची वेळ कळलीच नाही. फार वाईट वाटलं.

मग टेक्स्टजॉइन (TEXTJOIN) हे अनेक सेलमधला मजकूर एका सेलमध्ये जोडणारं एक्सेलचं सूत्र सापडलं. रिकाम्या सेलमध्ये आधी बरोबरचं चिन्ह, मग टेक्स्टजॉइन. कंसात अवतरणचिन्हांत स्वल्पविराम, नंतर ट्रू, शेवटी ए२:ए४०१ अशी रेंज, म्हणजे नंबर असलेले सेल: =TEXTJOIN(",",TRUE,A2:A401). ट्रू महत्त्वाचं: रिकामे सेल त्यानेच गाळले जातात, नाहीतर लागोपाठ दोन स्वल्पविराम येतात. एक्सेल २०१९ पासून हे आहे, गूगल शीट्समध्येही चालतं. एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरंच मावतात, तेव्हा मोठी यादी तुकड्यांनी करा.