कोलेस्टेरॉलचा आकडा दर वेळी वेगळा का येतो? अहवाल वाचताना या चुका टाळा

मागच्या तपासणीत १३० असलेले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) या वेळी १४२ आले, म्हणजे पथ्य फसले किंवा औषध लागू पडत नाही, असा निष्कर्ष काढणे ही सर्रास होणारी चूक आहे. आहार, वजन, औषध यांपैकी काहीही बदललेले नसतानाही एकाच व्यक्तीचे एकूण कोलेस्टेरॉल साधारण ५ ते ६ टक्के, एलडीएल सुमारे ८ टक्के आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबीचा एक प्रकार) २० टक्के किंवा त्याहूनही अधिक खालीवर होत असतात. प्रयोगशाळेच्या मोजणीतला फरक त्यात आणखी भर घालतो. म्हणून एलडीएलच्या दोन आकड्यांत २० टक्क्यांहून अधिक तफावत असल्याशिवाय खरा बदल झाला असे खात्रीने म्हणता येत नाही. १३० आणि १४२ मधली तफावत त्याच्या निम्मीही नाही.

जेवून तपासणी करणे सरसकट चूक नाही, पण असा अहवाल उपाशीपोटीच्या अहवालाशी ताडून पाहणे मात्र फसवे ठरते. अनेक ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष न मोजता एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. एकूण २००, एचडीएल ४५ आणि ट्रायग्लिसराइड्स १५० असतील, तर एलडीएल १२५ येते. जेवणामुळे ट्रायग्लिसराइड्स २५० झाले आणि बाकीचे आकडे तेच राहिले, तर ते कागदावर १०५ दिसते. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या पुढे गेले की हे सूत्र वापरूच नये. आदल्या रात्रीचे मद्यही ट्रायग्लिसराइड्स वाढवते.

रक्त देण्यापूर्वी बराच वेळ उभे राहिल्यास रक्तातील पाण्याचा अंश कमी होऊन आकडे चढतात, आडवे पडून राहिल्यास उतरतात. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवल्यासही ते वाढीव येतात.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे आजारपणातल्या कमी आकड्यावर विसंबून राहणे. तीव्र जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यांनंतर एलडीएल एक-दोन दिवसांतच घसरू लागते आणि पूर्वपदावर यायला काही आठवडे लागतात. उलट गरोदरपणात, थायरॉइडचे कार्य मंदावल्यास किंवा स्टेरॉइड सुरू असताना आकडे वाढतात, तेव्हा आधी त्या कारणाचा विचार व्हायला हवा.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा डोस दुप्पट केल्याने एलडीएल जेमतेम ६ टक्क्यांनी आणखी उतरते, म्हणजे नैसर्गिक चढउताराहूनही कमी. त्यामुळे एकाच तपासणीवरून त्या बदलाचे यशापयश ठरवता येत नाही. उपचार तातडीचे नसतील, तर काही आठवड्यांच्या अंतराने, एकाच प्रयोगशाळेत आणि सारख्याच स्थितीत केलेल्या दोन तपासण्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवावी. आकडा उतरला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, कारण तो गोळीमुळेच उतरलेला असतो आणि ती थांबवल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा चढतो.