इलेक्ट्रिक गिटार घरी बनवताना या चुका टाळा

घरी गिटार बनवायला घेणाऱ्यांचा निम्मा उत्साह लाकूड निवडण्यातच खर्च होतो. महोगनी घ्यावं की अल्डर, सागवान चालेल का, जुन्या दाराची फळी वापरली तर आवाज कसा येईल? प्रश्न रास्त आहेत, पण तयार गिटार बेसूर का वाजते याचं उत्तर त्यात जवळपास कधीच सापडत नाही. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये ‘रेड स्पेशल’ ही गिटार बनवायला घेतली, तेव्हा तिची नेक (तारा बोटांनी दाबतात तो लांब दांडा) जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून कोरली. डॅनइलेक्ट्रो या अमेरिकन कंपनीने १९५० च्या दशकात लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड चिकटवून गिटारी विकल्या. दोन्ही आजही आवडीने वाजवल्या जातात. लाकूड साधं चालतं, माप मात्र चुकून चालत नाही.

ब्रिजची जागा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आराखड्यात ब्रिज (बॉडीवरचा, तारांना आधार देणारा भाग) जिथे दाखवलाय तिथे भोकं पाडली जातात, आणि तारा चढवल्यावर कळतं की वरच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, एकही सूर जागेवर नाही. स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, कागदावरून घेऊ नका, हातातल्या नेकवरून घ्या. नटच्या (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) फ्रेटबोर्डकडच्या (फ्रेट बसवलेली फळी) कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३२४ मिमी भरले तर स्केल ६४८ मिमी, म्हणजे साडेपंचवीस इंच. ६२८ मिमी स्केलच्या नेकही बाजारात असतात आणि नुसत्या नजरेला फरक कळत नाही.

बारीक ई तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकणारा तुकडा) या मापावर येईल आणि त्याला पुढे सरकायला अजून दोनेक मिमी वाव राहील, असा ब्रिज ठेवा. फ्रेटवर दाबल्यावर जाड तारेचा सूर जास्त चढतो, म्हणून जाड ई चं सॅडल त्याहून ३ ते ५ मिमी मागे न्यावं लागतं. ब्रिजमध्ये तेवढी मागची जागा आहे ना, हे आधीच पाहा.

मध्यरेषा बॉडीच्या कडेवरून काढू नका. घासून घासून ती कड कधीच हललेली असते. नेक खाचेत बसवा, दोन्ही ई तारांच्या जागी दोरे ताणा आणि फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून त्यांचं अंतर सारखं आहे का ते बघा. त्यानंतरच ड्रिल हातात घ्या. भोक आधीच चुकलं असेल तर गोंद लावून लाकडी खुंटी ठोका, वाळू द्या, सपाट करा आणि नव्याने पाडा.

जुळत नसलेले सुटे भाग

स्वस्तात एकेक भाग जमवताना ही अडचण हमखास येते. फेंडर पद्धतीचा ब्रिज बुटका असतो. तिथे नेकसाठी सुमारे १६ मिमी खोल खाच आणि सरळ नेक व्यवस्थित जुळतात. ट्यून-ओ-मॅटिक नावाचा ब्रिज उंच असतो. तोच सरळ नेकसोबत लावला की तारा फार वर राहतात आणि ब्रिज कितीही खाली केला तरी उपयोग होत नाही. त्याला नेक दोन-चार अंशांनी मागे कललेली हवी, नाहीतर ब्रिज बॉडीत खोलवर बसवायला हवा. म्हणून आधी सगळे भाग हातात येऊ द्या, मगच राऊटर (लाकडात खाचा कोरणारं यंत्र) चालवा. इंच आणि मिलिमीटरचा घोळही इथेच होतो: ६ मिमी दांड्याच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागावर, पाव इंची नॉब डगमगतो.

लाकूड

ओलं लाकूड घेऊ नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ. १०–४६ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) सहा तारा मिळून ४५ किलोच्या आसपास ताण देतात. त्यामुळे नेकसाठी कडक, सरळ रेषांचं आणि बिनगाठीचं लाकूडच लागतं. बॉडीला बरंच काही चालतं, फक्त वजन बघा. ४५ मिमी जाडीची शिसमाची बॉडी खांद्याला जड जाते. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी जोड अॅसिटोनने पुसा. पाइनसारख्या मऊ लाकडात स्क्रू लवकर सैल होतात. भोकात पातळ सुपरग्लू मुरवला की पकड सुधारते. लाकूड कोणतंही असो, स्क्रूआधी बारीक भोक पाडा आणि आट्यांना मेण लावा. शिसमाचा भुसा कातडीला आणि श्वासाला त्रास देतो, त्यामुळे मास्कशिवाय घासू नका.

तारा कर्रकर्र वाजतात तेव्हा

आवाज कुठे येतो ते आधी ऐका. फक्त मोकळी तार करकरत असेल तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर करकरत असेल तर नेक फार सरळ, किंवा उलटी वाकलेली आहे. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.३ मिमी फट दिसायला हवी. ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा, पुन्हा सुरात लावा, मग मोजा. एकाच ठिकाणी करकर असेल तर तिथला पुढचा फ्रेट उंच आहे.

पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच सूर चढत असेल तर ब्रिजला हात लावू नका, नटच्या खाचा उथळ आहेत. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट उरावी.

वायरिंग

तारांना हात लावल्यावर अँपमधली गुणगुण कमी होत असेल तर ब्रिजचं अर्थिंग ठीक आहे, फक्त पोकळीत तांब्याची पट्टी लावा. हात लावल्यावर ती वाढत असेल तर बहुतेक जॅकवर (केबल घालायची जागा) दोन वायर उलट जोडल्या गेल्या आहेत. आवाजच येत नसेल तर केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावा आणि व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. सिंगल कॉइल पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणारा, एका गुंडाळीचा भाग) साधारण ५ ते ८ किलोओहम दिसायला हवेत. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच आलं नाही तर जोड सुटला आहे. दोन पिकअप एकत्र लावल्यावरच आवाज पोकळ, बारीक येत असेल तर ते उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडतात. एकाच पिकअपच्या दोन वायर अदलाबदल करा. मात्र त्याचं धातूचं कव्हर त्यातल्याच एका वायरला जोडलेलं असेल, तर आधी तो जोड तोडून कव्हरला वेगळी अर्थिंगची वायर द्या.