आपल्या परिसरात कोणत्या प्रजाती धोक्यात आहेत, हे कसं शोधावं

'जगातले दहा दुर्मीळ प्राणी' छापाच्या याद्या वाचून आपल्या परिसराबद्दल काडीचंही कळत नाही. त्यातले बहुतेक प्राणी हजारो किलोमीटर दूर असतात. सुरुवात परिसरात काय आहे इथून करायची. धोका नंतर बघायचा.

१. जागा निवडा. तळं, माळ, टेकडी, काहीही चालेल. वारंवार जाता आलं पाहिजे, एवढीच अट.

२. तिथे दिसलेल्या जीवांची यादी मिळवा. पक्ष्यांसाठी ई-बर्ड, बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट. लोक आपापल्या निसर्गनोंदी टाकतात अशी ही संकेतस्थळं आणि ॲप्स. दोन्ही फुकट आहेत. फक्त ॲपने फोटोवरून सुचवलेलं नाव डोळे मिटून घेऊ नका. कोळी, पतंग, भुंगे यांच्या बाबतीत ते बिनधास्त ठोकून देतं. नोंदीची ओळख पक्की मानल्याच्या 'रिसर्च ग्रेड' शिक्क्यानेही हुरळून जाऊ नका, दोघांचं एकमत झालं तरी तो मिळतो.

३. नेहमीचे जीव आधी ओळखू या. साळुंकी आणि भांगपाडी मैना यांतला फरक कळत नसेल, तर दुर्मीळ पक्ष्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

४. लाल यादी नीट वाचा. मी सर्वांत जास्त अडखळलो ते इथेच, आणि सर्वाधिक चुकीचे सल्लेही इथलेच असतात.

कोणती प्रजाती किती धोक्यात आहे हे सांगणारी आययूसीएनची (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची) लाल यादी १९६४ पासून आहे. संकेतस्थळावर प्रजातीचं नाव टाकलं की रंगीत शिक्का दिसतो आणि लोक तिथेच थांबतात. 'धोक्यात' म्हणजे फक्त तीन वर्ग, धोक्याच्या चढत्या क्रमाने: व्हल्नरेबल, एन्डेंजर्ड आणि क्रिटिकली एन्डेंजर्ड. 'निअर थ्रेटन्ड' म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर; तो यात येत नाही. 'डेटा डेफिशियंट' म्हणजे सुरक्षित नव्हे. ठरवण्याइतकी माहितीच हाताशी नाही. आणि कीटक, बुरशी यांतल्या बहुसंख्य प्रजाती तर कोणी तपासलेल्याच नाहीत. त्या यादीत नाहीत म्हणून खुशाल आहेत, असं समजू नका.

आता शिक्क्याचं कारण बघा. तिथे निकषांची अक्षरं असतात. 'ए' म्हणजे घट. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या यांपैकी जो काळ मोठा, त्यात संख्या ३० टक्क्यांनी घटली तर व्हल्नरेबल, ५० टक्क्यांनी एन्डेंजर्ड, ८० टक्क्यांनी क्रिटिकली एन्डेंजर्ड. (घटीचं कारण संपलेलं असेल तर मोजमाप थोडं सैल होतं.) 'बी' म्हणजे वावराचा प्रदेशच लहान, आणि तोही आक्रसतोय किंवा तुटतोय. 'डी' म्हणजे मुळात संख्याच नगण्य: प्रौढ जीव २५० पेक्षा कमी असतील तर एन्डेंजर्ड, ५० पेक्षा कमी असतील तर क्रिटिकली एन्डेंजर्ड.

म्हणूनच 'दुर्मीळ' आणि 'धोक्यात' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्यांचा मला राग येतो. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड १९८० च्या दशकापर्यंत अगदी सर्रास दिसायचं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने मेलेल्या जनावरांमार्फत गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली आणि ती ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००० साली त्यांना क्रिटिकली एन्डेंजर्ड ठरवलं, तेव्हाही ती हजारोंनी होती. प्रश्न संख्येचा नव्हता, घटीच्या वेगाचा होता.

दुसरी गफलत जागतिक आणि स्थानिक स्थितीची. युरोपीय ससा स्पेन-पोर्तुगालच्या मूळ प्रदेशात घटल्यामुळे एन्डेंजर्ड आहे आणि ऑस्ट्रेलियात उपद्रवी म्हणून मारला जातो. उलटही होतं: जगात मुबलक असलेला जीव तुमच्या तळ्यावरून नाहीसा होत असतो. राष्ट्रीय किंवा प्रादेशिक यादी असेल तर ती वेगळी उघडा. कायद्याची अनुसूची ही आणखी तिसरी गोष्ट. मोर लाल यादीत 'लीस्ट कन्सर्न' (सर्वांत कमी चिंतेचा) आहे, पण भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत. दोन्ही बरोबर आहे; दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

मूल्यमापनाची तारीख बघायला विसरू नका. दहा वर्षांहून जुनं असेल तर तिथेच तशी सूचना दिलेली असते. लाल यादीत प्रजातीच्या वावराचा नकाशाही असतो, पण त्यातला रंग म्हणजे हजेरीपट नव्हे. रंगवलेल्या भागात योग्य अधिवास असेल तरच तो जीव सापडायची शक्यता. नकाशाच्या रंगसूचीत 'बहुधा नामशेष' वगैरे रंग वेगळे दाखवतात, ते आधी वाचा.

५. परिसराची यादी आणि लाल यादी जुळवा. हातात मूठभर नावं उरतील. प्रत्येकापुढे अधिवास आणि हंगाम लिहा, मग बाहेर पडा.

६. नोंद करा, पण जपून. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या बहुतेक प्रजातींचा ठिपका मुद्दाम कित्येक किलोमीटर सरकवून दाखवतं. त्यामुळे त्या ठिपक्यावर जाऊन शोधाशोध करू नका, आणि आपल्या नोंदीच्या वर्णनात 'अमुक पुलाच्या डावीकडे' असं लिहून त्या गुप्ततेवर पाणी फिरवू नका. घरट्याचे फोटो नकोत. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं तर अजिबात नको.

ई-बर्डवर ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का, असं विचारतात. त्याला 'हो' म्हणता येईल अशीच यादी शक्यतो द्या. फक्त खास पक्षी टाकलेत, तर बाकीचे नव्हतेच की तुम्ही लिहिले नाहीत, हे पुढे कोणालाच कळत नाही.