बोटीच्या खिडक्यांना वादळी झडपा बनवताय? या चुका टाळा

वादळी झडप म्हणजे लाटांच्या माऱ्यापासून बोटीच्या खिडकीला बाहेरून झाकणारी, पॉलिकार्बोनेटची (काचेसारखं दिसणारं मजबूत प्लास्टिक) किंवा प्लायची शीट. अंबडच्या एमआयडीसीत बसून अशा झडपा बनवतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अहो, नाशकात समुद्र कुठाय?" नाहीच. आणि सगळी गोम तिथेच आहे. झडप इथे बनते, बोट उभी अलिबागला. एक भोक चुकलं की कसारा घाट उतरा, पुन्हा चढा.

पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागाची: काचेचं माप घेणं. घराच्या खिडकीची सवय असते ना! पण वादळी झडप काचेवर किंवा खिडकीच्या चौकटीवर टेकवायचीच नाही. लाटेचा मार केबिनच्या भिंतीने सोसायचा असतो. म्हणून झडप खिडकीपेक्षा चारी बाजूंनी चांगली मोठी हवी, काच आणि झडप यांत मोकळी जागा हवी, नाहीतर शीट आत दबते आणि काच फोडते. बोल्ट भिंतीतून आरपार जाऊन आतल्या बाजूला पट्टीवर कसलेला असावा. चौकटीत पिळलेल्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूच्या भरवशावर राहू नका.

साचा पुठ्ठ्याचा नको, खाऱ्या हवेत तो मऊ पडतो. पातळ प्लाय घ्या आणि प्रत्येक साच्यावर "डावी-पुढची", "वर" असं मार्करने लिहा. मी एकदा शहाणपणा केला होता. डाव्या बाजूचा साचा उलटा करून उजवीची झडप कापली. सहापैकी चारच बोल्ट बसले. बोटीच्या दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या असतात हा माझा भ्रम तिथेच संपला.

आता भोकं. पॉलिकार्बोनेट १ मीटर लांबीला प्रत्येक अंशामागे साधारण ०.०६५ मिमी वाढतं. जानेवारीत सकाळी आपल्याकडे पारा १० अंशांवर, तीच झडप मे महिन्यात किनाऱ्यावर उन्हात ४५ अंशांपर्यंत तापली, तर १.२ मीटरची शीट जवळजवळ पावणेतीन मिमी लांबते. ८ मिमीच्या बोल्टला ८ मिमीचंच भोक पाडलंत तर शीट फुगून वाकणार किंवा भोकापाशी तडकणार. मी ११ मिमीचं पाडतो आणि वर रुंद वॉशर देतो. डोकं आत बुडवणारा काउंटरसंक स्क्रू अजिबात नको, तो पाचरीसारखा शीट फाडतो.

भोकाभोवती महिन्याभराने चांदणीसारख्या बारीक भेगा दिसल्या, तर बोल्ट जास्त आवळलाय का ते बघा. मग विचारा: थिनरने पुसलं होतं का? नट सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर लावला होता का? वॉशरखाली मऊ पीव्हीसी आहे का? तिन्ही गोष्टी पॉलिकार्बोनेटला खातात. त्याऐवजी साबणाचं पाणी, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप न सुटणारा) आणि वॉशरखाली ईपीडीएम रबर वापरा. भेगा पडलेली शीट मात्र बदलाच.

शेडच्या छताची पोकळ शीट स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, भरीवच घ्या. उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा यूव्हीचा थर एकाच बाजूला असेल तर ती बाजू बाहेर. प्लाय वापरत असाल तर मरीन ग्रेडचा घ्या, आणि कडा व भोकांच्या आतून इपॉक्सी पाजा. पाणी कडेनेच शिरतं.

बोल्ट एसएस ३१६ चे, म्हणजे त्या ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, पण ३०४ हा दुसरा ग्रेडसुद्धा चुंबकाला फारसं चिकटत नाही. फरक ३१६ मध्ये मिसळलेल्या मॉलिब्डेनम धातूचा असतो, तो तपासायला थेंबांची वेगळी टेस्ट मिळते.

झडपा पोहोचल्या की कोरड्या दिवशी एकट्या माणसाकडून सगळ्या बसवून घ्या, घड्याळ लावून. आणि बाहेर पडायच्या झाकणावर बाहेरून बोल्ट कसला नाही ना, हे आधी आत बसून बघा.