ठराव मंजूर झाला, तरतूद राहिली

जनवकिलीच्या, म्हणजे लोकांच्या मागण्या शासनापुढे मांडून त्यांचा पाठपुरावा करण्याच्या, कामात नव्याने येणाऱ्यांना सर्वेक्षण, निवेदन, शिष्टमंडळ, धरणे यांची ओळख असतेच, त्यामुळे त्याविषयी मी इथे लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते मागणी मान्य झाल्यानंतरच्या काळाविषयी, कारण माझी सर्वांत मोठी चूक त्याच काळात झाली आणि तिची झळ ज्यांच्यासाठी मी काम करीत होते त्यांना बसली.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख आहे. त्याचा आधार घेऊन आम्ही एका स्थानिक स्वराज्य संस्थेकडे दोन वर्षे पाठपुरावा केला आणि अखेर सर्वसाधारण सभेने मासिक साहाय्याचा ठराव एकमताने मंजूर केला. आम्ही ठरावाच्या प्रती घरोघर वाटल्या आणि दुसऱ्या कामाला लागलो. अकरा महिन्यांनी, अंथरुणाला खिळलेल्या १९ वर्षांच्या मुलाचे सर्व काही करणाऱ्या एका आईने पासबुकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली ती प्रत माझ्यापुढे धरली आणि विचारले, "ताई, पैसे कधीपासून मिळणार ते यात कुठं लिहिलंय?" मी कागद दोनदा वाचला. तारीख नव्हतीच. शेवटच्या ओळीत "निधीच्या उपलब्धतेनुसार" एवढे दोन शब्द होते, आणि मंजुरीच्या दिवशी ते मी वाचूनही सोडून दिले होते.

या दोन शब्दांचा अर्थ सविस्तर सांगते. पैसे खात्यावर जाण्याआधी कोणीतरी देयक, म्हणजे बिल, तयार करतो आणि तो खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील कोणत्या खर्चाच्या सदराखाली, टाकायचा हे त्याला लिहावे लागते. लेखाशीर्ष नसेल, किंवा असूनही त्याखाली रक्कम नसेल, तर देयक पुढे सरकत नाही. आम्ही त्या टेबलावरच्या लिपिकाला अनेकदा दोष दिला, पण तो अडवणूक करीत नव्हता. त्याच्याकडे खर्च टाकायला जागाच नव्हती. राज्याच्या शासन निर्णयाचेही असेच असते. म्हणून शासन निर्णय हाती आला की प्रस्तावनेआधी शेवटचे परिच्छेद वाचा. वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक (त्या विभागाने खर्चाला होकार दिल्याची खूण) आहे का, लेखाशीर्ष दिले आहे का, आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पैसे काढून ते देणारा अधिकारी, कोण, हे तिथे पाहा. खर्चाचा भार पडणाऱ्या निर्णयात यांपैकी काहीच नसेल, तर तुमच्या हातात अजून फक्त सदिच्छा आहे असे समजा आणि लोकांना तसे स्पष्ट सांगा. त्या वेळी मी ते सांगितले नाही, याचे दुःख मला आजही आहे.

आपल्याच राज्यात याचे उत्तम उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेमागे विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांचा विचार होता, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला, आणि १९७७ च्या कायद्याने हमीबरोबर स्वतंत्र निधीचीही व्यवस्था केली, याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष क्वचितच जाते. कामाच्या हक्काची मागणी करणाऱ्यांनी पैसा कोठून येणार याचेही उत्तर दिले होते, आणि माझ्या मते ती हमी टिकण्याचे ते मोठे कारण आहे.

वेळेचेही भान ठेवा. अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जातो, परंतु विभागांचे अंदाज त्याच्या काही महिने आधी तयार होतात. फेब्रुवारीत दिलेले निवेदन बहुधा उशिराचे असते. तरीही खचून जाऊ नका, पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा खर्चाला मंजुरी घेण्याची, वाट असते.

मंत्र्यांच्या ओळखीने काम लवकर होते, असे तुम्हाला अनेक जण सांगतील. ओळखीने भेट मिळते, हे खरे आहे. ओळखीने मिळालेले आश्वासन मात्र खातेबदलाबरोबर जाते. मार्गदर्शक निवडताना व्यासपीठावरच्या नावाजलेल्या वक्त्यापेक्षा लेखा शाखेतून निवृत्त झालेला एखादा सहायक लेखाधिकारी शोधा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मला अंदाजपत्रक वाचायला अशाच एका गृहस्थांनी शिकवले, आणि त्यासाठी चार रविवार पुरले. मी वाणिज्य शाखेची नाही आणि आकड्यांची मला भीतीच होती. तेव्हा तुम्हालाही हे जमेल याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पुढच्या अंदाजपत्रकात त्या ठरावासाठी स्वतंत्र तरतूद झाली. त्यासाठी आम्ही माहितीच्या अधिकारात मागील खर्च मागवला, दिव्यांगांसाठीच्या राखीव निधीतील अखर्चित रक्कम दाखवली आणि लाभार्थ्यांची यादी आकड्यांसह लेखा शाखेला दिली. त्या आईच्या पासबुकात पहिली नोंद मे महिन्यात झाली. मधल्या काळातील थकबाकी तिला मिळाली नाही, कारण मूळ ठरावात तारीख नव्हती, आणि त्यासाठीचा आमचा अर्ज अजून प्रलंबित आहे.