बाडेन-व्युर्टेम्बर्गमधली फी: कुणाला माफ, कुणाला नाही

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकून स्टुटगार्ट, कार्ल्सरुह किंवा हायडेलबर्गला अर्ज टाकणार असाल, तर जरा थांबा. ही तिन्ही शहरं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात. इथल्या सरकारी विद्यापीठांत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात. आखनला शिकणाऱ्या तुमच्या मित्राला ही फी नाही, कारण त्याचं राज्य वेगळं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं तर २०२४ पासून मास्टर्सच्या नव्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरमागे ४००० ते ६००० युरो लावलेत. तेव्हा कोर्सच्या आधी राज्य आणि विद्यापीठ बघायचं.

मी स्टुटगार्टजवळ राहते. ओळखीतली पोरं विचारतात, “मावशी, मार्क चांगले आहेत, फी माफ होईल का?” हुशार विद्यार्थ्यांना सूट द्यायचा अधिकार विद्यापीठाला आहे, पण अशा जागा मोजक्याच. त्या भरवशावर हिशोब मांडू नका. आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला इथे कुणी विचारत नाही.

माफी ठरते ती कागदावर. आधीपासून इथेच असाल तर राहण्याच्या परवान्याचं कार्ड काढा. त्यावर कायद्याचं कलम छापलेलं असतं. ‘१६ब’ (16b) दिसलं तर तुम्ही शिकायला आलेले, फी भरा. कायमचा परवाना असेल तर सुटलात.

ज्यांचे आईवडील इथे नोकरीला असतील त्यांनी हे नीट वाचा. तुमचं शिक्षण सुरू होण्याआधीच्या ६ वर्षांत दोघांपैकी एकानं एकूण ३ वर्षं इथे राहून रीतसर नोकरी केली असेल, तर फी नाही. आयटीतल्या मराठी घरांना हे माहीतच नसतं, आणि पोरं निमूट पैसे भरतात! नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला असं सगळं जोडून प्रवेशाच्या वेळीच द्या. तुमचं प्रकरण कार्यालय आपणहून शोधून काढणार नाही.

जर्मन आबिटुअर, म्हणजे त्यांची बारावी, केलेल्यांना फी नाही. पीएचडीलाही नाही. अपंगत्वामुळे शिकणं खूप अवघड होत असेल, तर अर्ज करता येतो.

माफी मिळाली तरी सेमिस्टरचं छोटं शुल्क सगळ्यांनाच भरावं लागतं. आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे अडकवून ठेवायच्या बँक खात्यात, दाखवायचे वर्षाचे ११,९०४ युरो हे राहण्या-खाण्याचे. दोन सेमिस्टरच्या फीचे ३००० त्यातून निघत नाहीत, ते वेगळे ठेवा.